दोन काठ्यांचे चंक्रमण : जीर्ण व्याधींत नॉर्डिक वॉकिंगचा विचार

नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याही वैद्याची चिकित्सापत्रे चाळली, तर औषधी योगांच्या खाली एक ओळ हमखास आढळते : ‘रोज फिरणे’. प्रमेह असो, स्थौल्य असो, संधिगत वात असो वा उच्च रक्तदाब असो, ही ओळ लिहिल्यावाचून चिकित्सापत्र पूर्ण होत नाही. मात्र गुग्गुळाच्या वटीची मात्रा, काल आणि अनुपान आपण जितक्या काटेकोरपणे लिहितो, तितक्या काटेकोरपणे चालण्याची मात्रा आपण लिहीत नाही. किती चालावे, कोणत्या वेगाने, कोणत्या ऋतूत, काय पायात घालून, आणि कोणते लक्षण दिसताच थांबावे, हे रुग्णाच्या मर्जीवर सोडलेले असते. परिणामी रुग्ण चार दिवस उत्साहाने फिरतो, पाचव्या दिवशी गुडघा दुखू लागतो, आणि पुढील भेटीत ‘फिरणे जमत नाही हो, वैद्यराज’ एवढेच ऐकावयास मिळते.

ज्यांना चालण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच चालणे सर्वाधिक कठीण जाते, ही यातील खरी अडचण होय. गुडघे दुखतात म्हणून चालणे थांबते, चालणे थांबले म्हणून मेद वाढतो आणि मेद वाढला म्हणून गुडघे अधिक दुखतात. या चक्रात सापडलेले रुग्ण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी आहेत. आडत बाजारात दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी, शिलाई यंत्रावर वाकलेला शिंपी, सेवानिवृत्त शिक्षक आणि देवघर ते स्वयंपाकघर यापलीकडे पाऊल न टाकणारी गृहिणी ही त्यांची नेहमीची उदाहरणे. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत बसून राहण्याच्या व झोपून राहण्याच्या सुखाला अग्रस्थान दिले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष तेच अंकांत सांगतात. देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असून, १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

अशा रुग्णांसाठी युरोपात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दोन काठ्या घेऊन चालण्याची एक पद्धत रूढ झाली. तिला ‘नॉर्डिक वॉकिंग’ म्हणतात. परदेशी म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही, तसेच नवी म्हणून डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. आपल्या संहितांच्या कसोटीवर आणि उपलब्ध संशोधनाच्या आधारे तिचे मोल ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितांतील दंडधारण व चंक्रमण

दंडधारण हा आपल्या स्वस्थवृत्ताचाच भाग आहे. चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात पादत्र व छत्र यांच्या जोडीने दंडधारणाचे गुण सांगितले आहेत. तोल जाणाऱ्यास आधार, भयाचा नाश आणि आयुष्याचे हित हे ते गुण होत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात हे वर्णन अधिक विस्ताराने येते. काठी कुत्री, सरपटणारे प्राणी व शिंगांची जनावरे यांचे भय दूर करते, श्रम व अडखळणे कमी करते, सत्त्व, उत्साह, बल, स्थैर्य व धैर्य वाढवते, आणि वृद्धांसाठी ती विशेष प्रशस्त होय, असे तेथे म्हटले आहे. पहाटे फिरावयास निघणारा लातूरचा ज्येष्ठ नागरिक गल्लीतील मोकाट कुत्र्यांच्या भीतीने अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, तेव्हा सुश्रुतांनी दिलेल्या या यादीतील पहिले कारण किती व्यवहार्य आहे, याची प्रचीती येते.

त्याच अध्यायात चंक्रमणाचा स्वतंत्र निर्देश आहे. देहास फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढवते आणि इंद्रियांना जागृत ठेवते, असे सुश्रुत म्हणतात. चंक्रमण आणि व्यायाम यांतील हा भेद वैद्याने नीट ध्यानी घेतला पाहिजे. वाग्भटांनी वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आपल्याकडे येणारा जीर्ण व्याधीचा रुग्ण बहुधा याच वर्गातील असतो. त्यास ‘व्यायाम करा’ असे मोघम सांगणे शास्त्राला धरून नाही. ‘पीडा न होईल इतके, आधार घेऊन चाला’ हे मात्र शास्त्राला धरून आहे. चंक्रमणास दंडधारणाची जोड दिली की प्रस्तुत विषयाचा आयुर्वेदीय पाया तयार होतो.

फिनलंडमधील उगम

फिनलंड हा वर्षातील बराच काळ बर्फाखाली असणारा देश. तेथील बर्फावर घसरत दूर अंतर कापणारे खेळाडू उन्हाळ्यात सराव सुटू नये म्हणून हातांत काठ्या घेऊन चालत. माउरी रेपो या प्रशिक्षकाने १९७९ मध्ये या सरावाविषयी लेखन केले. पुढे १९९७ मध्ये तेथील एक्सेल या कंपनीने सर्वसामान्य माणसाच्या चालण्यासाठी खास काठ्या बाजारात आणल्या, आणि खेळाडूंची ही कसरत घराघरांत पोहोचली. २००० साली या पद्धतीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

आपल्या परिचयाच्या आधाराच्या काठीत व या काठ्यांत मूलभूत फरक आहे. आधाराची काठी एक असते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात व तिच्यावर भार टाकतात. नॉर्डिक काठ्या दोन असतात आणि त्यांचे मुख्य कार्य भार पेलणे हे नसून शरीराला पुढे ढकलणे हे आहे. उजवा पाय पुढे पडताना डावी काठी जमिनीला टेकते. तिचे टोक पुढच्या पावलाच्या मागे, तिरके पडते. मग हात मागे कमरेपलीकडे जाईपर्यंत काठी दाबत न्यावयाची आणि शेवटी मूठ सैल सोडावयाची. मनगटातील पट्ट्यामुळे काठी हातातून निसटत नाही. या क्रियेत पायांबरोबर खांदे, दंड, पाठ व उदर यांचे स्नायूही काम करतात.

संशोधन काय सांगते

या पद्धतीवर युरोप व अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांतील निवडक निष्कर्ष व्यवसायी बांधवांच्या उपयोगाचे आहेत.

अमेरिकेतील कूपर इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच वेगाने काठ्यांविना चालण्याच्या तुलनेत काठ्यांसह चालताना प्राणवायूचा वापर सुमारे २० टक्क्यांनी वाढला. चालणाऱ्यास मात्र त्या प्रमाणात अधिक श्रम जाणवले नाहीत. मंद चालणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. वेग न वाढवता त्याच्या चालण्याचे फळ वाढते.

जीर्ण श्वासरोगाच्या ६० रुग्णांवर व्हिएन्ना येथे झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने आठवड्यातून तीनदा या पद्धतीने चाललेल्या रुग्णांची दैनंदिन हालचाल वाढली, आणि वर्ग संपल्यावर काही महिन्यांनीही ती टिकून होती. कॅनडातील ओटावा येथील हृदयरोग संस्थेने हृदयधमनीविकाराच्या १३० रुग्णांत १२ आठवड्यांचे तीन प्रकारचे व्यायाम तपासले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार चालण्याची कार्यक्षमता नॉर्डिक वॉकिंगच्या गटात सर्वाधिक वाढली. डेन्मार्कमध्ये खुब्याच्या संधिवाताच्या साठीपुढील रुग्णांत २०१७ च्या सुमारास झालेल्या अभ्यासातही कार्यक्षमतेच्या बाबतीत ही पद्धत स्नायुबलाच्या व्यायामाहून सरस ठरली. कंपवाताच्या रुग्णांतही तिचा लाभ नोंदवला गेला आहे.

आता दुसरी बाजू. काठ्यांच्या प्रचारात ‘गुडघ्यावरील भार कमी होतो’ हे वाक्य वारंवार येते. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र प्रयोगशालेय अभ्यासांत नॉर्डिक पद्धतीने चालताना गुडघ्यावरील भार साध्या चालण्यापेक्षा कमी झाल्याचे आढळले नाही. काठ्या पुढे ढकलतात तेव्हा पाऊल लांब पडते, हे त्यामागील एक कारण असू शकते. म्हणून जानुसंधिगत वाताच्या रुग्णास ‘या काठ्यांनी गुडघा वाचेल’ असे आश्वासन देणे योग्य नाही. त्याला मिळणारा लाभ तोल, आत्मविश्वास व नियमितपणा यांचा आहे.

मधुमेहाबाबतही अतिशयोक्ती टाळावी. स्वीडनमधील एका अभ्यासात चार महिने आठवड्याला पाच तास चालण्याचे उद्दिष्ट होते. ज्यांची साखर प्राकृत होती, त्यांचे वजन घटले. मधुमेही गटात तसा स्पष्ट लाभ दिसला नाही, आणि ठरलेले चालणे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही त्या गटात कमी होते. न घेतलेले औषध गुण देत नाही, हेच त्याचे तात्पर्य. रुग्ण प्रत्यक्षात किती चालतो, याची नोंद ठेवल्याशिवाय ‘फिरूनही साखर उतरत नाही’ या तक्रारीला अर्थ नाही.

व्याधीनिहाय तारतम्य

स्थौल्य व कफप्रधान प्रमेह : या रुग्णांना ही पद्धत सर्वाधिक मानवते. सुश्रुतांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास पादत्र व छत्र यांवाचून शंभर योजने चालण्याचा उपदेश केला आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच ठिकाणी कृश प्रमेह्याचे सतत रक्षण करावे अशी सूचनाही आहे, आणि अन्यत्र अनवाणी चालण्याची सवय आरोग्य, आयुष्य व नेत्र यांना अहितकर म्हटली आहे. या तिन्ही वचनांचा मेळ घालणे हे वैद्याचे काम आहे. पायांना सुप्ती आलेल्या मधुमेह्याने अनवाणी चालणे म्हणजे व्रणाला आमंत्रण होय. आश्विनात कोजागिरीच्या सुमारास लातूर परिसरातून असंख्य भाविक तुळजापूरला चालत जातात, आणि त्यांत अनेकजण अनवाणी असतात. त्यांतील मधुमेही रुग्णास नवसापासून परावृत्त करणे कठीण असते. पण वाटेत पादत्राण घालावे, मुक्कामावर तळवे आरशात पाहावेत आणि पादत्राण मंदिराच्या दारी काढावे, एवढे समजावणे आपल्या हाती आहे. काठ्या पायाची संवेदना परत आणत नाहीत, त्या फक्त तोल सांभाळतात, हेही स्पष्ट सांगावे.

इन्शुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने उपाशीपोटी दीर्घ चालू नये. खिशात तीन चमचे साखरेची पुडी अथवा गुळाचे खडे ठेवावेत. घाम, कंप, अंधारी येताच थांबून ते खावेत. आपल्या औषधांबरोबर नियमित चालणे सुरू झाल्यावर साखर उतरू लागल्यास आधुनिक औषधांची मात्रा ठरवणाऱ्या चिकित्सकाला तसे कळवावे.

संधिगत वात : मेदाने आवृत वाताच्या स्थूल रुग्णात हळूहळू वाढवत नेलेले चंक्रमण हितकर. धातुक्षयजन्य वाताच्या कृश रुग्णात आधी स्नेहन-बृंहण, मग अल्प चंक्रमण. गुडघा सुजलेला व उष्ण असल्यास विश्रांती. एकाच गुडघ्यात तीव्र वेदना असल्यास दोन नॉर्डिक काठ्यांपेक्षा विरुद्ध हातातील एक आधाराची काठी बरी.

आमवात : साम अवस्थेत चालण्याचा आग्रह नको. निराम अवस्थेत, मनगट व बोटे यांना त्रास होत नसेल तरच काठ्या द्याव्यात.

हृद्रोग, श्वास व रक्तदाब : हृद्रोग्यास तज्ज्ञांच्या संमतीनंतरच आरंभ करू द्यावा. तमक श्वासाच्या रुग्णाने पहाटेच्या थंडीत, धुक्यात व सुगीच्या धुळीत चालू नये. छातीत दडपण, अतिश्वास किंवा भ्रम जाणवताच थांबून दवाखाना गाठावा.

कंपवात व पक्षाघातोत्तर दौर्बल्य : सोबतीला माणूस असल्याखेरीज नाही. येथे ढकलण्याचे तंत्र बाजूला ठेवून काठ्या समोर उभ्या धराव्यात. अवबाहुक असल्यास काठ्यांचा विचार करू नये.

काठीची निवड

काठीची लांबी रुग्णाच्या उंचीच्या सुमारे ०.६८ पट असावी. १५० सेंटिमीटर उंचीस १०० ते १०५, १६० उंचीस ११० आणि १७० उंचीस ११५ सेंटिमीटर हे सोपे कोष्टक लक्षात ठेवावे. काठी टेकून उभे राहिल्यावर कोपरात साधारण काटकोन व्हावा. वृद्ध व दुर्बल रुग्णास किंचित आखूड काठी सोयीची पडते.

आयात काठ्या हलक्या धातूच्या अथवा कार्बन तंतूंच्या असतात आणि ग्रामीण रुग्णाला त्या परवडतातच असे नाही. आपल्याकडे किनवटच्या जंगलातील मानवेल हा बहुधा भरीव बांबू लाठीसाठी पूर्वापार वापरात आहे. औसा तालुक्यातील लोदगा येथेही अलीकडच्या काळात बांबू लागवडीचे काम उभे राहिले आहे. बुरूड कारागिराकडून सरळ, वाळलेल्या, पेरे घासलेल्या दोन समान काठ्या करून घ्याव्यात, मुठीजवळ नवारीची पट्टी मनगटासाठी बांधावी आणि टोकास रबरी टोपी बसवावी. डांबरी व सिमेंटच्या रस्त्यावर टोपी अनिवार्य. तडा गेलेली काठी त्वरित टाकून द्यावी.

जागा सपाट हवी. शाळा-महाविद्यालयांची मैदाने व रुंद रस्त्यांच्या कडा योग्य. नांदेडच्या गोदाकाठच्या घाटांच्या पायऱ्या किंवा लातूरच्या गंजगोलाईतील सोळा रस्त्यांची गर्दी या कामाच्या नव्हेत. पावसाळ्यात काळ्या मातीत काठी रुतते व पाऊल घसरते, म्हणून त्या दिवसांत पक्क्या रस्त्यावरच चालावे. मागे पट्टा असलेले पादत्राण घालावे, नुसती चप्पल नको. साडी नेसणाऱ्या महिलांनी काठ घोट्याच्या वर राहील असे पाहावे.

मात्रा व काल

व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे संहिता सांगतात. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही अर्धशक्तीची खूण होय. आजच्या भाषेत, चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती ही मर्यादा. जीर्ण रुग्णास या खुणेच्या थोडे अलीकडेच थांबवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी. तेथवर पोहोचण्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस रोज १० मिनिटे, केवळ हात-पायांचा ताल जुळवण्यासाठी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५ ते २० मिनिटे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत २५ मिनिटे. नवव्यापासून बाराव्यापर्यंत ३० ते ४० मिनिटे. वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, तर मात्रा मागील पायरीवर आणावी.

वाग्भटांनी शीतकाल व वसंत हे व्यायामास अनुकूल सांगितले असून अन्य ऋतूंत तो अल्पच असावा असे म्हटले आहे. आपल्या भागात वैशाखातील पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा आरंभ हेमंतात करावा आणि उन्हाळ्यात सूर्योदयाच्या आसपास अर्ध्या मात्रेवर यावे. चालून आल्यावर वाग्भटोक्त मर्दन सुखकर होते. खांदे, मनगटे व पोटऱ्या तिळाच्या कोमट तेलाने हलक्या हाताने चोळाव्यात.

परिणाम मोजण्यास सोपी कसोटी आहे. दवाखान्याबाहेर ३० मीटर अंतर आखून सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो ते आरंभी व १२ आठवड्यांनी नोंदवावे. वजन, कटीचा घेर, रक्तदाब व साखर सोबत लिहावी. अशा नोंदी मराठवाड्यातील अनेक चिकित्सालयांतून एकत्र झाल्या, तर आपल्या रुग्णांविषयी आपल्यापाशी स्वतःचे बोलणे असेल.

औषधालयांची भूमिका

औषधालयाचे मालक या कामी मोठा हातभार लावू शकतात. रबरी टोप्या व नवारीच्या पट्ट्या दुकानात ठेवाव्यात. उंचीचे कोष्टक भिंतीवर लावावे. काठी देताना ‘वैद्यांना विचारले का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. मात्र ‘मधुमेह बरा करणारी काठी’ अशा फलकाचा मोह टाळावा. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे, हे आपण जाणताच. कायदा बाजूला ठेवला, तरी खोट्या आशेने घेतलेली काठी महिन्याभरात कोपऱ्यात पडते आणि तिच्यासोबत वैद्यावरील विश्वासही.

समारोप

आपल्या समाजात काठी हाती घेणे म्हणजे वार्धक्य मान्य करणे, अशी समजूत आहे. त्यामुळे पन्नाशीतील रुग्ण, विशेषतः महिला, एक काठी घेण्यास तयार होत नाहीत. खांद्यावर आडवी काठी टाकून दिवसभर रानोमाळ चालणाऱ्या धनगराला कोणी म्हातारा म्हणत नाही, हे त्यांना सांगावे. चार-पाच जणींचा गट एकत्र निघाला, तर संकोच आपोआप गळून पडतो.

दोन काठ्या हे औषध नव्हे, अनुपान होय. औषध चालणेच आहे. ज्या रुग्णाने वेदनेच्या, तोल जाण्याच्या किंवा कुत्र्याच्या भीतीने ते सोडले, त्याला ते पुन्हा घेता यावे, इतकेच या साधनाचे प्रयोजन. तेव्हा व्यवसायी बांधवांनी यापुढे चिकित्सापत्रावर केवळ ‘रोज फिरणे’ न लिहिता, किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वेळी, कोणत्या आधाराने आणि कोठे थांबावे, या पाच गोष्टी लिहाव्यात, ही विनंती.